सासूबाईंचे पाय

मला साबुदाण्याची किळस येते. खिचडीचं ताट पुढे आलं की लोक खूश होतात, नातवंडं तर उपास नसतानाही मागतात, आणि मी तोंड फिरवते. घरात सगळ्यांना वाटतं, हे माझं म्हातारपणीचं खूळ आहे. खूळबिळ काही नाही. नुसत्या पाण्यात शिजवलेला, गुळाचा खडा टाकून बशीत ओतलेला तो गिळगिळीत साबुदाणा मी माझ्या सासूबाईंच्या घशाखाली उतरताना पाहिलेला आहे, एकदा नाही, वर्षानुवर्षं. त्यानंतरही कोणाला आवडत असेल तर त्याने खुशाल खावा.

लग्न होऊन मी सिंदीला आले तेव्हा पन्नास साल नुकतंच उलटलं होतं. माझं माहेर नाचणगावचं, शेतकऱ्याचं. सासर नोकरीवाल्यांचं. सासरे शाळेत मास्तर, नवरा कापसाच्या जिनिंगमध्ये कारकून, आणि सासऱ्यांचे धाकटे भाऊ शाळेत मुलांना कसरत शिकवायचे. त्यांना सगळे काकाजी म्हणत. त्यांनी लग्न केलेलं नव्हतं. देहाची ताकद वाया जाऊ नये म्हणून केलं नाही, असं ते स्वतःच येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत, न विचारता.

सासूबाई तेव्हा चाळिशीच्या थोड्या पुढे होत्या. पहिल्याच सकाळी मी त्यांना विहिरीवर पाहिलं. लुगडं वर खोचलेलं, डोक्यावर एक घागर, कमरेवर एक, आणि चालण्यात जराही डुलणं नाही. पोटऱ्या अशा घट्ट की माझी शेतात राबणारी आईसुद्धा कौतुकानं बघत राहिली असती. जात्यावर बसल्या की त्यांचा एक हात माझ्या दोन हातांना भारी पडायचा. मला दमलेली पाहून हसायच्या आणि म्हणायच्या, नाचणगावचं पाणी पातळ दिसतं. मला त्या फार आवडल्या. नव्या सुनेला सासू आवडणं ही काही रोजची गोष्ट नाही, म्हणून मुद्दाम लिहिते.

दुसऱ्या वर्षी सासरे तापानं गेले. तेराव्यानंतर नातेवाईक माजघरात बसले आणि सासूबाईंचं पुढचं आयुष्य त्यांनी सुपारी कातरता कातरता ठरवून टाकलं. जेवण एक वेळचं. कांदा, लसूण, मसुरीची डाळ बंद. तुरीचं वरणही रोज नको, त्यानं विकार वाढतात. सोमवार, शनिवार, एकादशी, चतुर्थी, प्रदोष हे उपास. उपासाला शेंगदाणे नकोत, पित्त होतं. म्हणजे मागे उरला साबुदाणा. तोही पाण्यातला, कारण गवळ्याकडून येणारं दूध आधी काकाजींना लागायचं आणि उरलं तर चहाला. माझ्या माहेरी विधवा बाई निंदणाला जायची आणि बांधावर बसून सगळ्यांबरोबर भाकरी आणि डाळ खायची, तिच्या विकारांची चौकशी करायला कोणाला सवड नव्हती. पण आमचं घर पडलं शिकलेल्यांचं, आणि शिकलेल्यांच्या घरी असल्या चौकशांना वेळच वेळ असतो.

खाणं काढून घेतलं ते घेतलं, कामही काढून घेतलं. त्याच सुमाराला स्टेशनजवळ पिठाची चक्की निघाली होती. जात्यावर पोतं पडलं. विहिरीवर जायचं नाही, उखळाला हात लावायचा नाही. काकाजी म्हणाले, वयनींनी लय केलं, आता सून आली, आता त्यांनी माळ घ्यावी. माजघरातल्या खांबापाशी चटई टाकली गेली आणि सासूबाई तिथं बसल्या. भावजयीला दीर कसा फुलासारखी जपतो, असं गावातल्या बाया म्हणू लागल्या. हे सगळं मानानं झालं, याचीच मला जास्त शिसारी आहे. कोणी त्यांना मारलं असतं, उपाशी कोंडलं असतं, तर निदान शेजारचं कोणीतरी धावून आलं असतं.

आता काकाजींबद्दल. परसात लाल मातीचा आखाडा होता आणि सकाळी गावातली तरणी पोरं तिथं कसरत करायला यायची. काकाजी तेल लावून मध्ये उभे. ते तेल, तो घाम आणि ती माती यांचा एक आंबूस वास चुलीपर्यंत यायचा, आणि मी पदर नाकाला लावून भाकरी थापायची. आखाडा आटोपला की बदाम वाटून घातलेलं दूध लोटाभर. मग भिजवलेले चणे गुळाबरोबर. जेवायला बसले की तळातलं घट्ट वरण वाटीभर, त्यावर तूप, ते संपलं की पुन्हा वाटीभर. मनगटापर्यंत ओघळलेलं वरण ते चाटून घेत. मिशीला तूप लागलेलं असे. ढेकर देत, पोटावरून हात फिरवत, आणि मग खांबापाशी बसलेल्या भावजयीला म्हणत, आहार हलका असला की मन शांत राहते पाहा. 

अंड्यांचंही सांगूनच टाकते. आमच्या घरात अंड्याचं नाव काढलं तरी देव बाटत. पण आखाड्याच्या छपरीत काकाजी दुधाच्या पेल्यात अंडी फोडून, ढवळून, डोळे मिटून पिऊन टाकत. ते औषध होतं म्हणे. औषधाचा पेला मात्र घासायला माझ्याकडे यायचा. कडेला चिकटलेल्या त्या बुळबुळीत तारा, तो वास! मी राखेनं घासघासून पेला वेगळा पालथा घालायची आणि दुपारी मला जेवण जायचं नाही.

सगळ्यात चीड या गोष्टीची की त्या माणसाला सगळं कळत होतं. अडाणीपणा असता तर मी एवढी जळले नसते. रोज सकाळी, चूल फुंकता फुंकता, मी त्यांचं भाषण ऐकत होते. एखादा हडकुळा पोरगा आला की त्याचा दंड चिमटीत धरून ते विचारत, "मांस काय हवेतून येते का बे? डाळीतून येते, दुधातून येते, चण्यातून येते. अन् नुसतं खाऊन लोळला तं चरबी होते. खाय अन् बैठका मार." पोरगा मान हलवायचा. मीही हलवायची. शब्दन् शब्द खरा होता. त्या पोरांचे दंड चातुर्मास सरता सरता भरून यायचे, हे मी डोळ्यांनी पाहत होते. आणि तिथून पंधरा पावलांवर, भिंतीच्या अलीकडे, त्याच माणसाच्या घरात एक धडधाकट बाई डाळ, दूध आणि काम तिन्हींवाचून वाळत चालली होती. भाषण भिंत ओलांडून माझ्या कानापर्यंत येत होतं, त्यांच्या स्वतःच्या कानाला मात्र ते लागत नव्हतं.

वाळणं हळूहळू झालं. आधी दंड गेले. पोलक्याची बाही सैल झाली म्हणून मी ती आत घेतली, ती पुन्हा सैल झाली. मग पाय. लुगड्याच्या घोळात पाय दिसत नाहीत, पण मी त्यांना न्हायला पाणी द्यायची, मला दिसत होते. त्या दगडी पोटऱ्यांच्या जागी हाडावर लोंबणारी कातडी आली होती. जमिनीवरून उठताना त्या आधी खांबाला हात लावू लागल्या, मग खांबाला मिठी मारू लागल्या, मग मला हाक मारू लागल्या. बाहेरच्यांना काय दिसत होतं? तेज! सणावाराला बाया यायच्या, वाकून पाया पडायच्या आणि म्हणायच्या, तपानं देह कसा हलका झाला आहे, चेहऱ्यावर कसं तेज आलं आहे. ज्या पायांना उभं राहता येत नव्हतं त्यांच्यावर डोकी ठेवून जायच्या. मला वाटायचं, एकेकीला दारातूनच परत पाठवावी.

एकदा दुपारी सासूबाई परसातल्या संडासाकडे गेल्या आणि बराच वेळ झाला तरी परतल्या नाहीत. मी जाऊन दाराबाहेरून विचारलं.  मग अगदी बारीक आवाज आला.

"मले उठता नाई येऊन राह्यलं."

मी दार ढकललं. त्या बसलेल्या होत्या तशाच होत्या. दोन्ही हात भिंतीला, गुडघे थरथरताहेत, अंग घामानं निथळलेलं. किती वेळ तशा होत्या कोण जाणे. माश्या घोंगावत होत्या. मी काखेत हात घालून त्यांना वर ओढलं आणि धुऊन आत आणलं. त्या घाणीचं मला काहीच वाटलं नाही. मला किळस आली ती आखाड्यातून येणाऱ्या आवाजाची. सुटीच्या दिवशी काही उत्साही पोरं दुपारीही यायची आणि काकाजी हसत हसत बैठका मोजत होते. चटईवर बसल्यावर सासूबाईंनी माझा हात धरला आणि एवढंच सांगितलं की कोणाला सांगू नको.

मी सांगितलं. नवऱ्याला सांगितलं, कारण नणंदेचे दिवस भरत आले होते. वर्ध्याला दिलेली ही एकुलती एक मुलगी पहिल्या बाळंतपणाला माहेरी येणार होती, आणि सासूबाई त्या एका गोष्टीवर जगत होत्या. पहिल्या नातवंडाला मीच न्हाऊ घालणार, दाईच्या हाती देणार नाही, असं त्या येईल त्याला सांगत. गल्लीतली कितीतरी लेकरं त्यांनी पायांवर घेऊन न्हाऊ घातली होती, ते खरंच होतं. पण ज्यांना स्वतःला उठता येत नाही त्या ओल्या जमिनीवरून लेकरू घेऊन कशा उठणार? मी नवऱ्याला म्हटलं, आईंना दोन्ही वेळ जेवण हवं, वरण हवं, दूध हवं. नवरा म्हणाला, काकाजींना विचारतो. माझा नवरा माणूस म्हणून वाईट नव्हता, पण काकाजींपुढे गेला की त्याचा कणा कुठे जायचा कोण जाणे. विचारून आला. काकाजी हसले होते म्हणे. वयनींना काय या वयात कुस्ती खेळायची आहे?

तेव्हा मी कोणालाही न विचारता घट्ट वरण वाढलं. सासूबाईंनी ताटली बाजूला सारली. बायका काय म्हणतील, दीर काय म्हणतील, गेलेल्या माणसाला काय वाटेल. मी चिडले, रडले, काही उपयोग झाला नाही. मग म्हटलं, बरं, खाऊ नका, पण उठबस करायला तर कुठे बंदी नाही? याला मात्र त्या राजी झाल्या. पुरुष माणसं बाहेर पडली की स्वयंपाकघराची चौकट धरून त्या खाली बसत, वर उठत. आखाड्यातल्या पोरांसारखं अंग वाढेल अशी आशा त्यांनाही वाटली असणार, कारण नंतर त्या हळूच दंड चाचपून बघत. पण पोटात साबुदाणा. थोड्याच दिवसांत पाय असे सुजले, अंग असं मोडून आलं की अंथरूण धरलं. काकाजी पोरांना म्हणत ते अर्धं करून भागत नव्हतं. भाकरीशिवाय राबवलेला बैल आणखी लवकर बसतो, हे मला, शेतकऱ्याच्या मुलीला, कोणी सांगायला हवं होतं असं नाही, पण मला तेव्हा काहीतरी केल्यावाचून राहवत नव्हतं.

नणंद आली. तिच्यासाठी डिंकाचे लाडू करायचे म्हणून सासूबाई उठून बसल्या. डिंक फुलवला, खोबरं, खारीक, बदाम, भरपूर तूप. मुलीच्या अंगात ताकद यायला हवी, अंगावर पिणाऱ्या लेकराला दूध पुरायला हवं, हे सगळं त्यांना पाठ होतं. लाडू वळून झाल्यावर तुपानं माखलेली बोटं त्यांनी चाटली नाहीत. राखेनं धुतली. मी समोर होते, आणि असा संताप मला आयुष्यात फार कमी वेळा आला आहे.

मुलगी झाली. गोरी, जावळ भरपूर, आवाज खणखणीत. नाळ गळल्यावर मोरीत पाट मांडला, सासूबाई पाय लांब करून बसल्या आणि नात त्यांच्या पायांवर आली. हात कसे चालत होते त्यांचे! तेल, पीठ, कोमट पाणी, मान कशी धरायची, नाकात पाणी कसं जाऊ द्यायचं नाही, सगळं तसंच्या तसं. मी तपेलीनं पाणी घालत होते. कितीतरी महिन्यांनी त्या गुणगुणत होत्या. न्हाऊन झालं. लेकरू उचलायला त्यांनी हात खाली घातले, आणि दंड थरथरले. त्या पायांना ते एवढंसं ओझंही पेललं नव्हतं, ते आधीच कापत होते. तेलकट लेकरू पायांच्या मधून घसरून मोरीच्या दगडाकडे गेलं. मी तपेली टाकली आणि त्याला दोन्ही हातांत झेललं. त्याला काही झालं नाही, शिंकलं फक्त. पण दारात नणंद उभी होती. ती किंचाळली आणि तिच्या ओरडण्यानं काकाजी आले.

ते रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. अगदी मऊ आवाजात म्हणाले, "वयनी, आता तुमी लेकराले हात नका लावू. वय झालं तुमचं. तुमी आपलं देवाचं पाहा." दाई लावायचं ठरलं. नणंदेनं मुलगी माझ्या हातून घेतली आणि आईकडे न बघता आत गेली. सासूबाई ओल्या लुगड्यानं मोरीतच बसून राहिल्या. मी हात दिला तेव्हा त्या उठल्या. त्यांचं वय त्या वेळी पन्नासही नव्हतं.

तो दिवस खांबापाशी गेला. आत नात रडली की त्यांची मान तिकडे वळायची. नणंद आतून दार लोटून घ्यायची. भीतीनं करत असेल, पण करायची. दुसऱ्या दिवशी दाई आली, मोरीत पाणी वाजलं, लेकराच्या रडण्याचा आवाज आला, आणि सासूबाई हात मांडीवर ठेवून ऐकत बसल्या. माळ बाजूला पडली होती.

त्या दिवशी सोमवार होता. काकाजी आणि माझा नवरा जेवायला बसले होते. काकाजींच्या वाटीत मी वरण वाढत होते. भिंतीला धरत, चौकटीला धरत सासूबाई स्वयंपाकघरात आल्या. त्यांनी पाट स्वतः ओढला, पुरुषांच्या पंगतीत, काकाजींच्या समोर. बसताना त्या जवळजवळ पडल्याच. मग फडताळातली ताटली घेऊन माझ्यापुढे धरली.

"मले वरण वाढ. तळातलं, घट्ट."

माझा हात पातेल्यातच थांबला. काकाजींनी घास खाली ठेवला. म्हणाले, "वयनी, आज सोमवार हाय."

"माहीत हाय."

"लोक काय म्हणतीन?"

सासूबाईंनी त्यांच्याकडे पाहिलंच नाही, ताटली माझ्यापुढे तशीच धरून ठेवली. काकाजींचं एक हत्यार होतं. मनाविरुद्ध काही झालं की ते भरल्या ताटावरून उठत, आणि कर्ता माणूस उपाशी उठला म्हणजे मग घरात कोणाच्याच तोंडात घास जात नसे. माफी मागायची, पाया पडायचं, तेव्हा कुठे ते परत बसत. मी नवी असताना एकदा या हत्याराची चव घेतली होती. आताही त्यांनी ताट सरकवलं, तांब्यातलं पाणी हातावर घेतलं आणि हाताचा टेका न घेता, मांडी मोडून, एका झटक्यात ते सरळ उभे राहिले. काय मजबूत पाय होते! नवरा घाबरून अर्धवट उठला, बसा ना काकाजी, बसा ना म्हणू लागला, आणि माझ्याकडे डोळे वटारून बघू लागला, म्हणजे मीच काहीतरी करावं.

सासूबाईंची ताटली हलत होती, पण त्यांनी ती खाली घेतली नाही.

"वाढ तू," त्या मला म्हणाल्या. "त्याईले उठता येते, उठू दे."